केडगावचे कृपा सदन: अत्याचारित बायकांना दार उघडणाऱ्या पंडिता रमाबाई

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले की यवतनंतर भांडगाव लागते. थोडे पुढे चौफुल्याला डावीकडे वळले की केडगाव. ऊस, गुऱ्हाळे, रेल्वे स्टेशन आणि बाजार असलेले हे गाव आपल्या भागातल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे. तिथल्या मुक्ती मिशनचे नावही सगळ्यांनी ऐकलेले असते. ख्रिश्चनांची संस्था, अनाथ मुलींचा आश्रम, एवढीच बहुतेकांची माहिती असते. पण सव्वाशे वर्षांपूर्वी याच आवारात एक वेगळे घर होते आणि ते खास अशा मुलीबायकांसाठी होते ज्यांच्यावर अत्याचार झाला होता, ज्यांना फसवून विकले होते, ज्यांना घरच्यांनी दार बंद केले होते. त्या घराचे नाव कृपा सदन. ते उभे करणाऱ्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाई जन्माने ब्राह्मण आणि पुढे ख्रिश्चन. मग आपण मुसलमान कुटुंबांनी त्यांच्याबद्दल कशाला वाचायचे, असे कुणी विचारेल. कारण साधे आहे. अत्याचार झालेल्या मुलीला सर्वांत आधी काय लागते, तर एक उघडे दार. ते दार आपल्या शेजारच्या गावात एका बाईने उघडले होते. आज आपल्या मोहल्ल्यात, आपल्या घरात ते दार उघडे आहे का, हे तपासायचे असेल तर या बाईचे आयुष्य माहीत असायला हवे.

रानातली शाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ या ठिकाणी झाला. हा भाग आज कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित होते. बाईमाणसाला संस्कृत शिकवणे त्या काळी मोठे पाप मानले जाई. अनंतशास्त्रींनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्यावरून वाद झाला, पण त्यांनी माघार घेतली नाही. पुढे लक्ष्मीबाईंनीच आपल्या धाकट्या मुलीला शिकवले. पहाटे, घरातली कामे सुरू होण्याआधी, आई शिकवायची आणि मुलगी पाठ करायची. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते.

हे कुटुंब घरदार सोडून तीर्थयात्रा करत फिरत राहिले. देवळात, घाटावर पुराण सांगायचे आणि लोक देतील त्यावर गुजराण करायची. मग १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. सोळा-सतरा वर्षांच्या रमाबाईंनी आधी वडील गमावले, मग आई, मग मोठी बहीण. उरले दोघे, रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघे हजारो मैल पायी चालले. अंगावर धड कपडे नाहीत, पोटात अन्न नाही, रात्री कुठे निजायचे याचा पत्ता नाही. उपाशी तरुण मुलीवर रस्त्यात कुणाकुणाची नजर असते, हे रमाबाई पुस्तकातून शिकल्या नाहीत. भाऊ सोबत होता म्हणून त्या वाचल्या. ज्यांना भाऊही नव्हता अशा मुलींचे काय झाले असेल, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर सोडून गेला नाही.

कलकत्ता, लग्न आणि वैधव्य

१८७८ साली भाऊ-बहीण कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. वीस वर्षांची बाई संस्कृतात अस्खलित बोलते, ही बातमी देशभर झाली. पण १८८० मध्ये भाऊही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळे गहजब झाला. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. दोन वर्षेही संसार झाला नाही. तेविसाव्या वर्षी रमाबाई बेवा झाल्या, कडेवर तान्ही मुलगी, माहेर नाही, सासर नाही.

त्या काळच्या विधवेची अवस्था आजच्या पिढीला सांगावी लागते. आठ-दहा वर्षांच्या मुलीचे लग्न मोठ्या पुरुषाशी व्हायचे. तो मेला की मुलीचे केस काढायचे, तिला कोपऱ्यात बसवायचे. घरातलाच दीर, सासरा किंवा नातेवाईक तिच्यावर हात टाकायचा. दिवस गेले की गुन्हेगार कोण? तीच. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते याच कारणाने, की अशा बाईला गुपचूप बाळंत होता यावे, तिचा आणि बाळाचा जीव वाचावा. १८८१ मध्ये सुरतेच्या एका विधवेला बाळाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली, जी पुढे सौम्य झाली. त्या बाईवर वर्तमानपत्रांनी जी चिखलफेक केली ती वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये स्त्री-पुरुष तुलना हे पुस्तक लिहिले. पाप दोघांचे असेल, तर बाई एकटीच का भोगते, हा त्यांचा सवाल होता. आणि जिच्यावर जबरदस्ती झाली, तिचे तर पापच नाही.

पुण्यात

याच वर्षी, १८८२ मध्ये, रमाबाई पुण्याला आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी सरकारचे हंटर शिक्षण कमिशन पुण्यात आले, तेव्हा रमाबाईंनी त्याच्यापुढे साक्ष दिली. मुलींना शिकवायला बाई शिक्षक हव्यात आणि बायकांना तपासायला बाई डॉक्टर हव्यात, अशी त्यांची मागणी होती. पुरुष डॉक्टरपुढे आपले दुखणे सांगण्याच्या लाजेने कितीतरी बायका मरतात, हे त्यांनी सरकारपुढे मांडले. आज पोलीस ठाण्यात पीडितेचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यावा असा नियम आहे. आपली गोष्ट कुणापुढे सांगायची, हे ठरवण्याचा बाईला हक्क आहे, या विचाराची एक मुळी तिथे पुण्यात सापडते.

फुलहॅमचे घर

१८८३ मध्ये रमाबाई डॉक्टरी शिकायला इंग्लंडला गेल्या. कानाला कमी ऐकू येऊ लागल्यामुळे ते शिक्षण झाले नाही. वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात त्या राहत होत्या. या जोगिणींनी लंडनजवळ फुलहॅमला एक घर चालवले होते. ज्या बायकांना समाज पतित म्हणतो, त्यांना तिथे ठेवून घेत, शिकवत, कामाला लावत. रमाबाईंनी ते घर पाहिले आणि त्या हादरल्या. आपल्या देशात अशा बाईची सावलीही लोक टाळतात, आणि इथे तिच्याशी मायेने बोलतात, तिच्यावर विश्वास टाकतात, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. या अनुभवाचा त्यांच्या धर्मांतरात मोठा वाटा होता, असे त्यांनी पुढे आत्मकथनात सांगितले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि लहानग्या मनोरमाने बाप्तिस्मा घेतला.

इथे थोडे थांबू. आपला आणि त्यांचा दीन वेगळा आहे. त्यांच्या निर्णयाशी आपण सहमत असण्याचा प्रश्न नाही. पण एक विद्वान बाई आपला समाज का सोडते, हे पाहण्यासारखे आहे. मार खाल्लेल्या बाईला समाजाने दूर लोटले, आणि दुसऱ्या कुणीतरी जवळ घेतले, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. जो समाज आपल्या जखमी लेकींना जवळ घेत नाही, त्याच्यावर त्या लेकींचा भरवसा कसा राहणार?

शारदा सदन आणि वादळ

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांच्या पदवीदान समारंभाला रमाबाई गेल्या आणि पुढे दोन-अडीच वर्षे तिथे व्याख्याने देत फिरल्या. १८८७ मध्ये त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते खूप गाजले, आणि विधवांच्या शाळेसाठी बोस्टनमध्ये त्यांच्या नावाची मदत संस्था निघाली. त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होती विधवा गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशीच लग्न केले. १८९०च्या अखेरीस सदन पुण्याला आले.

१८९३ मध्ये मोठे वादळ झाले. सदनातल्या काही मुली ख्रिश्चन होत आहेत असा आरोप झाला. केसरीने टीकेची झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आणि ते आजही वाचता येते. आश्रय घ्यायला आलेल्या मुलीचा धर्म बदलावा का, हा प्रश्न तेव्हाही खरा होता आणि आजही खरा आहे. आश्रय देणाऱ्याने तिच्या लाचारीचा फायदा घेऊ नये, कुठल्याही धर्माचा असो. पण मुली काढून नेणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांच्यासाठी दुसरी शाळा काढली, हाही प्रश्न विचारायला हवा. काही वर्षांनी कर्व्यांनी ती काढली. बाकीचे भांडण जिंकून घरी गेले.

वृंदावन आणि दुष्काळ

१८९०च्या दशकाच्या मध्यावर रमाबाई गरीब यात्रेकरू बाईच्या वेशात वृंदावनला गेल्या. तिथे देशभरातून आलेल्या, आणून सोडलेल्या विधवा राहत. तीर्थाच्या नावाखाली त्यांचा देह कसा लुटला जातो, हे त्यांनी आत शिरून पाहिले.

मग १८९६-९७चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. वीस वर्षांपूर्वीचा आपलाच रस्ता त्यांना पुन्हा दिसला. अन्नछत्रांच्या आणि मदतकेंद्रांच्या भोवती मुली पळवणारे दलाल फिरत होते. मूठभर दाण्यासाठी मुलींचा सौदा होत होता. ज्यांच्यावर मुलींच्या रक्षणाची जबाबदारी, तेच काही ठिकाणी भक्षक झाले होते. हे सगळे त्यांनी लिहून छापले, आणि सुमारे तीनशे मुली-बायका पुण्याकडे आणल्या. कुणी आजारी, कुणी गरोदर, कुणी घाबरून कुणाला हातही लावू देत नव्हत्या. सदनातल्या जुन्या मुलींकडे रमाबाईंनी एकेक नवी मुलगी सोपवली. तिला न्हाऊ घालायचे, भरवायचे, जवळ घेऊन निजायचे. आज याला समुपदेशन म्हणतात. त्यासाठी त्यांच्याकडे प्रशिक्षित माणसे नव्हती, पण जिने स्वतः दुःख भोगले तीच दुसरीला चांगली सावरते, हे त्यांना कळले होते.

प्लेगचे वर्ष

त्याच वर्षी पुण्यात प्लेग आला. गोरे शिपाई घरात घुसत, बायकांना उघड्यावर तपासले जाई, आजाऱ्यांना उचलून नेले जाई. सदनातली एक मुलगी प्लेगच्या इस्पितळात नेली गेली आणि तिथे ती वाईट हाती पडली, असे रमाबाईंचे म्हणणे होते. त्या गप्प बसल्या नाहीत. मुंबईच्या बाँबे गार्डियन या पत्रात त्यांनी सरकारच्या व्यवस्थेवर उघड आरोप करणारे पत्र लिहिले. विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत ते प्रकरण गेले. मुंबईच्या गव्हर्नरांनी आरोप फेटाळले, आणि रमाबाई खोटे बोलतात असे चित्र उभे केले गेले.

याच सुमारास गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडमध्ये होते. पुण्यात शिपायांनी दोन बायकांवर अत्याचार केल्याचे त्यांना कळवले होते. त्यांनी ते तिथे जाहीरपणे सांगितले. परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला. ज्यांनी कळवले होते ते पुढे येईनात. नावे सांगायला कुणी तयार होईना. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली आणि त्याचा सल त्यांना फार दिवस होता.

बघा, सव्वाशे वर्षांत काय बदलले? इज्जतीच्या भीतीने घरचे गप्प बसतात. ते गप्प बसले की तक्रार उभी राहत नाही. तक्रार नाही म्हणून पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून अत्याचार झालाच नाही असे ठरते. शेवटी बोलणाराच खोटा पडतो. १८९७ मध्ये एका मोठ्या पुढाऱ्याला आणि एका पंडितेला जे सोसावे लागले, ते आज एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीला सोसावे लागते, आणि तिच्या पाठीशी ना पार्लमेंट असते ना वर्तमानपत्र.

केडगाव

प्लेगमुळे पुण्यात इतक्या मुली एकत्र ठेवायला सरकारने मनाई केली. केडगावला रमाबाईंनी आधीच सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. मुलींना घेऊन त्या तिकडे गेल्या. माळरान, काटे, विंचू आणि पाण्याचा ठणठणाट. आधी झोपड्या पडल्या, मग विहिरी खोदल्या, मग दगडी इमारती उठल्या. १८९८ मध्ये मुक्ती सदन नावारूपाला आले. १९००च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या, तेव्हा आवारात दोन हजारांच्या आसपास माणसे होती.

सगळ्यांना एकाच दावणीला बांधायचे नाही, हे रमाबाईंना ठाऊक होते. म्हणून वेगवेगळी घरे केली. शिकणाऱ्यांसाठी शारदा सदन, म्हाताऱ्या-दुबळ्यांसाठी प्रीती सदन, लहान मुलांसाठी सदानंद सदन. अंध बायकांसाठीही वेगळी सोय होती, तिथे मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकवायला सुरुवात केली. आणि लैंगिक अत्याचाराने, फसवणुकीने, देहविक्रीच्या बाजारात अडकून उद्ध्वस्त झालेल्यांसाठी कृपा सदन.

कृपा सदनात आलेल्या बाईची आधी प्रकृती बघितली जाई, कारण अनेकींना गुप्तरोगांची लागण झालेली असे. मग तिला लिहायला-वाचायला आणि एखादे काम शिकवले जाई. मुक्तीच्या आवारात विणकाम होते, शिवण होते, तेलघाणी होती, दूधदुभते होते, शेती होती. आणि छापखाना होता, जिथे बायकाच खिळे जुळवत, छापत आणि बांधणी करत. यात मोठी गोष्ट आहे. ज्या बाईला जगाने वापरून फेकले, तिच्या हाताला रमाबाईंनी कसब दिले. दुसऱ्याच्या दयेवर जगणारी बाई पुन्हा कुणाच्याही तावडीत सापडते, पण जिच्या हातात कसब आहे ती नाही म्हणू शकते. दुसरी गोष्ट, तिथे कुणाला परत पाठवले जात नसे. ज्या घरातून ती सुटून आली त्याच घरात तिला समजूत घालून पोचवण्याची पद्धत नव्हती.

रमाबाईंचे वागणे कडक होते. दिनक्रम काटेकोर, प्रार्थना भरपूर. मुक्तीत राहणाऱ्या बहुतेक जणी ख्रिश्चन झाल्या. यावर टीका झाली, आजही होते, आणि टीका करणाऱ्यांचे म्हणणे अगदीच बिनबुडाचे नाही. पण केडगावच्या माळावर त्या काळी दुसरे दारच नव्हते, हेही तितकेच खरे.

अखेरचे दिवस

आयुष्याची शेवटची वर्षे रमाबाईंनी बायबल साध्या मराठीत आणण्याच्या कामाला दिली. खेड्यातल्या, कमी शिकलेल्या बाईला समजेल अशी भाषा त्यांना हवी होती. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. एकुलती एक लेक, सगळ्या कामात उजवा हात. त्यानंतर रमाबाई फार जगल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांचे निधन झाले. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. मुक्ती मिशन आजही चालू आहे.

आपला दीन काय सांगतो

आता आपल्या घराकडे येऊ. अत्याचाराचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, ही गोष्ट बाहेर जाऊ देऊ नका. दोन, तिचे लवकर लग्न लावून टाका. पहिल्यात गुन्हेगार सुटतो. दुसऱ्यात मुलगी दुसऱ्यांदा मारली जाते.

दीनच्या नावाने हे खपवले जाते, म्हणून सांगायला हवे. सूरह अन-नूरमध्ये पाकदामन बाईवर बदनामीचा आरोप करून चार साक्षीदार न आणणाऱ्याला ऐंशी फटक्यांची शिक्षा सांगितली आहे. बाईच्या इज्जतीशी खेळणाऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी हा हुकूम आला. अत्याचार झालेल्या मुलीचे तोंड बंद करण्यासाठी तो वापरणे ही उलटी गंगा आहे, आणि अनेक उलेमांनी हे स्पष्ट केले आहे. त्याच सूरहमध्ये बाईला देहविक्रीची जबरदस्ती करायला मनाई आहे, आणि जिच्यावर जबरदस्ती झाली तिच्यासाठी अल्लाह क्षमाशील आणि दयाळू असल्याचे सांगितले आहे. अबू दाऊद आणि तिर्मिझी यांच्या हदीससंग्रहात प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातली एक घटना आहे. नमाजला निघालेल्या एका बाईवर रस्त्यात जबरदस्ती झाली. ती आली आणि तिने सांगितले. प्रेषितांनी तिला दोष दिला नाही, जाऊ दिले. एकटी का निघालीस, असा सवाल तिला झाला नाही. हजरत आयशा (रजि.) यांच्यावर लोकांनी खोटा आळ घेतला, तेव्हा त्यांची बेगुनाही खुद्द कुरआनने जाहीर केली. इज्जत कुजबुजीने ठरत नाही, हा धडा आपल्याला तेव्हाच मिळाला आहे.

आज काय करायचे

रमाबाईंच्या काळी कायदा अगदी तोकडा होता. १८६०च्या दंडसंहितेत संमतीचे वय दहा वर्षे होते, १८९१ मध्ये ते बारा झाले. त्यावरही देशभर आरडाओरडा झाला. आज परिस्थिती वेगळी आहे, आणि ती माहीत नसणे हा मोठा तोटा आहे.

अठरा वर्षांखालील मुलगी असो वा मुलगा, २०१२चा पोक्सो कायदा लागू होतो. मुलांवरही अत्याचार होतात, हे विसरू नका. शाळा असो, मदरसा असो, शिकवणी असो की घर, अत्याचार कळल्यावर पोलिसांना कळवणे प्रत्येकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. आम्ही शिक्षकही त्यातून सुटलेलो नाही. आपसात मिटवून टाकणे हा मार्गच नाही.

तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. घटना दौंड हद्दीतली आणि तुम्ही शिरूरला असाल तरी शिरूरला ती नोंदवून घ्यावी लागते, मग ती योग्य ठिकाणी पाठवली जाते. लहान मुलीचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यात, मुलीच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी घ्यायचा असतो. सरकारी असो वा खासगी, दवाखान्याने उपचार मोफत द्यायचे असतात. पीडितेचे नाव-गाव छापणे किंवा मोबाईलवर फिरवणे हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये दोन बोटांच्या अपमानकारक तपासणीला चूक ठरवले आहे. महाराष्ट्र सरकारच्या मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदत मिळते, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचे.

पहिले ७२ तास फार मोलाचे असतात. गर्भ राहू नये आणि एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून द्यायची औषधे या वेळेत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी चांगली. शक्य असेल तर तपासणीआधी अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत, ते कागदात गुंडाळून ठेवावेत. पण वेळ निघून गेली म्हणून गप्प बसायचे नाही, उशिराही तक्रार देता येते. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे नंबर घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असू द्या.

आणि एक गोष्ट कायद्याबाहेरची. अत्याचाराची बातमी आली की लोक आधी आरोपीचे नाव बघतात. दुसऱ्या समाजाचा असेल तर मोर्चा, आपला असेल तर खामोशी. दोन्हींत मुलगी बाजूला पडते. तिच्या दुःखावर कुणाचे तरी भांडण पेटते आणि ते विझल्यावर ती एकटीच उरते. जालिम आपला असला तर आपली जबाबदारी दुप्पट होते, कमी होत नाही. त्याला वाचवणे ही बिरादरीची सेवा नाही.

आपल्या मशिदी आहेत, जमात आहे, बैतुलमाल आहे, शिकलेल्या मुली-सुना आहेत. यातून एवढे तरी होऊ शकते. दर जुम्याला नको, पण वर्षातून दोनदा खुत्ब्यात या विषयावर बोलले जावे. मोहल्ल्यातल्या दोन-तीन भरवशाच्या बायकांची नावे सगळ्या मुलींना माहीत असावीत, की काही झाले तर आपा किंवा खालाकडे जायचे. पीडितेला दवाखान्यात, ठाण्यात, कोर्टात सोबत करणारे कुणी असावे, तारखेच्या दिवशी तिच्या अब्बांची मजुरी बुडते ती जमातीने भरून द्यावी. तिची शाळा सुटू नये. आणि सर्वांत आधी घरातली गोष्ट. मुलगी काही सांगायला आली तर टीव्ही बंद करा, मोबाईल ठेवा, आणि ऐका. तिने सांगितले याबद्दल तिला शाबासकी द्या, चूक तुझी नाही हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा.

केडगावच्या माळावर एका बेवा बाईने हजारो लेकींना जागा केली. तिच्यापाशी ना खानदान होते ना बिरादरी. आपल्यापाशी दोन्ही आहे. अल्लाह आपल्याला आपल्या लेकींचे ऐकण्याची हिंमत आणि त्यांच्या पाठीशी उभे राहण्याची तौफीक देवो. आमीन.